स्टाइन्स गेट: सुरुवातीचे काही तास (पुढचं कृपया फोडू नका)

रात्रपाळी

सध्या 'स्टाइन्स गेट' वाचतेय. कामावरून सुटल्यावर ऐरोलीहून ठाणे आणि तिथून डोंबिवली. सकाळी आमच्या दिशेच्या गाड्या रिकाम्या असतात, खिडकी मिळते, हेडफोन घालून निवांत वाचता येतं. सुरुवातीचा भाग संपलाय आणि तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही २००९ साली जपानमध्ये एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्रावर आलेली व्हिज्युअल नॉव्हेल. फाइव्ह पीबी आणि नायट्रोप्लस या दोन कंपन्यांनी मिळून केलेली. पडद्यावर स्थिर चित्रं, त्यावर मजकूर, पात्रांचे आवाज, पार्श्वसंगीत. पळापळ नाही, मारामारी नाही, वाचत जायचं. पूर्ण व्हायला तीस-चाळीस तास सहज लागतात. हिच्यावरची २०११ ची अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) मालिका बऱ्याच जणांनी पाहिली असेल, मी पाहिलेली नाही. म्हणून कळकळीची विनंती: मायक्रोवेव्हमध्ये केळं जातं तिथपर्यंतच बोलू या.

२८ जुलै २०१०, टोकियोतलं अकिहाबारा. ओकाबे रिंतारो हा अठरा वर्षांचा कॉलेजातला मुलगा पांढरा लॅब कोट घालून फिरतो, होओइन क्योमा नावाचा विक्षिप्त शास्त्रज्ञ असल्याची बतावणी करतो आणि पलीकडे कोणीही नसताना फोनवर गुप्त संघटनेच्या कारवायांबद्दल बोलतो. मायुरी या बालमैत्रिणीला घेऊन तो रेडिओ काइकान नावाच्या इमारतीत डॉक्टर नाकाबाची यांचं कालप्रवासावरचं भाषण ऐकायला आलाय. हा सगळा इंटरनेटवरून उचललेला माल आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि तो भर सभेत उठून तसं सुनावतो. तेव्हा एक मुलगी त्याला बाजूला घेते. माकिसे कुरिसु. तीही अठराचीच, पण 'सायन्स'मध्ये शोधनिबंध छापून आलेली. ती विचारते, पंधरा मिनिटांपूर्वी तू मला काय सांगणार होतास? आणि ओकाबे तर तिला आत्ता पहिल्यांदा भेटतोय.

थोड्याच वेळात किंकाळी ऐकू येते. ओकाबे धावत जातो तर कुरिसु रक्ताच्या थारोळ्यात. तो हादरून बाहेर पडतो, रस्त्यात हाशिदा या मित्राला मेसेज लिहितो, पाठवतो. त्या क्षणी माणसांनी फुललेला रस्ता रिकामा होतो. रेडिओ काइकानच्या वरच्या मजल्यात एक उपग्रह घुसलेला दिसतो. मायुरी सहज म्हणते, भाषण तर रद्द झालं होतं ना? त्याच दिवशी तो दुसऱ्या एका व्याख्यानाला जातो, तिथे वक्ता म्हणून समोर उभी राहते कुरिसु. जिवंत.

मला यात सगळ्यात भिडलं ते हे, की ही सुरुवात वाचणाऱ्याला साक्षीदार करून ठेवते. ओकाबेने ते प्रेत पाहिलं तेव्हा मीही पाहिलं. आता सगळे म्हणतायत असं काही झालंच नाही. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मला तर त्या जगात तोंडच नाही. त्यात ज्याची बाजू घ्यायची तो पहिल्या मिनिटापासून थापा मारतोय. नाव खोटं, संघटना खोटी, फोनवरचं बोलणं खोटं. 'लांडगा आला रे आला' ओरडणाऱ्या पोराने खरोखरचा लांडगा पाहिलाय, आणि तो आता दिसेनासाही झालाय. लेखकाने या मुलाला एवढा नाटकी का केला असेल याचं उत्तर मला तिथेच मिळालं. साधासरळ, शब्दाला जागणारा नायक असता तर मित्रांनी निदान ऐकून तरी घेतलं असतं.

मग गोष्टीचा वेग एकदम उतरतो. पिक्चर ट्यूब टीव्हीच्या दुकानावरची एक खोली, तिला हे लोक प्रयोगशाळा म्हणतात. निरुपयोगी उपकरणं, दारात आल्यावर मायुरीचं 'तुत्तुरू', हाशिदाचं संगणकासमोर ठाण मांडून बसणं, खालच्या दुकानदाराची भाडं वाढवायची धमकी, आणि फोन जोडलेला तो मायक्रोवेव्ह, ज्यात केळं घातलं की हिरवा लगदा बाहेर येतो. पुष्कळ लोक इथेच कंटाळून सोडतात असं ऐकलंय. मला हा भाग हवासा वाटतोय. जगातली एखादी गोष्ट बदलली हे जाणवायचं असेल तर ते जग आधी अंगवळणी पडायला हवं. कोण कुठे बसतं, कोण कोणाला काय हाक मारतं, कपाटात कुठलं पुस्तक आहे, हे सगळं आपल्या डोक्यात भरलं जातंय. ओकाबे 'मी भविष्यातून आलोय' म्हणणाऱ्या जॉन टायटरचं पुस्तक शोधतो आणि ते घरात नसतंच, तेव्हा मला जो धसका बसला तो त्या आधीच्या सावकाश पानांमुळे बसला.

एक गोष्ट राहून राहून खुपतेय. भाषणाआधी ओकाबे शंभर येनचं नाणं टाकून यंत्रातून एक खेळणं काढतो. धातूच्या रंगाचं मेटल ऊपा. ते दुर्मिळ निघतं, मायुरी हरखते, म्हणून तिला देऊन टाकतो. मग ते हरवतं. प्रेताच्या इतक्या जवळ एका खेळण्याला एवढी जागा का दिली असेल? ज्यांनी पूर्ण केलंय त्यांनी गप्प राहा, बाकीच्यांनी तर्क करा.

तुम्हाला ही सुरुवात कशी वाटली? धरून ठेवलं का सोडून दिलंत?

वाचनकट्टा

मस्त लिहिलंय. वाचतोय. खेळण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

मुलुंड_स्लो

सोडून दिलं. आणि अगदी तुम्ही म्हणता त्याच जागी.

प्रस्तावना जबरदस्त आहे, वादच नाही. पण नंतर जे चालतं त्याला मी सावकाशपणा म्हणणार नाही, पसारा म्हणेन. ओकाबे एक वाक्य बोलतो, मग त्या वाक्यावर मनात चार वाक्यं, मग हाशिदाचा जपानी इंटरनेटवरचा एखादा शब्द, तो समजायला खेळातल्याच शब्दकोशात जा, तिथे अर्धं पान वाचा, परत या. तेवढ्यात मूळ विषय काय होता ते विसरायला होतं. दिवसभर ऑफिसात ईमेल वाचून आलेल्या माणसाला हे झेपत नाही. अ‍ॅनिमेच्या पहिल्याच भागात प्रेतापासून जिवंत कुरिसुपर्यंत सगळं येतं आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. तोच धक्का, कमी वेळात.

आणि जग अंगवळणी पडायला हवं हे मान्य, पण त्याला इतकं लागतं? चांगला कथाकार एका परिच्छेदात चाळ उभी करतो.

रात्रपाळी

मुलुंड_स्लो, चाळ एका परिच्छेदात उभी राहते, पण तिथे राहायला आल्यासारखं वाटायला दिवस जावे लागतात. इथे दुसऱ्या गोष्टीची गरज आहे असं मला वाटतं. कथा वाचताना 'काहीतरी बदललंय' हे मला लेखकाने सांगावं लागतं. इथे माझं मलाच कळतंय, कारण ती खोली मी रोज पाहतेय. मायुरी कुठे बसते हे मला कोणी सांगितलेलं नाही, मला ते ठाऊक झालंय.

शब्दकोशाचं म्हणाल तर मी तो वाचायला थांबत नाही. गोष्ट अडत नाही. वैज्ञानिक शब्दांच्या नोंदी मात्र नंतर सवडीने चाळते, त्यातली मेहनत बघून बरं वाटतं.

शब्दवेडी

मी पहिली काही प्रकरणं वाचली आहेत, पुढे जाणारही आहे, पण एक तक्रार नोंदवते आणि ती गांभीर्याने घ्यावी.

हाशिदाच्या तोंडची वाक्यं. प्रत्येक मुलीवर, तिच्या समोर, तिच्या बोलण्याचा वाकडा अर्थ काढून. हे विनोद म्हणून लिहिलंय, पार्श्वसंगीतही तसंच. मी हे लेडीज डब्यात हेडफोन लावून ऐकत होते आणि आजूबाजूला कोणाला ऐकू जातंय का म्हणून कावरीबावरी झाले. ओकाबेसुद्धा कुरिसु खरी आहे का भास आहे हे बघायला तिला हात लावून चाचपतो. प्रसंगाचं कारण समजतं, माणूस धक्क्यात आहे, पण त्यावर जी थट्टा रंगवलीय ती मला नको होती. 'ते २००९ चं आहे', 'जपानमध्ये असंच असतं' ही उत्तरं देऊ नका. २००९ मध्येही बायका होत्या.

हे सांगून झाल्यावर त्याच प्रसंगातली आवडलेली गोष्टही सांगते. कुरिसु त्याला सोडत नाही. व्यासपीठावरून ती कालप्रवासाच्या एकेका सिद्धांताची चिरफाड करते, कृष्णविवर, कृमिविवर, वैश्विक तंतू, आणि हा वाद घालायला उठतो तर त्याला चारचौघांत गप्प करते. ज्या मुलीला गोष्टीने आत्ता प्रेत म्हणून दाखवलं, तीच पुढच्या प्रसंगात सभागृहातली सगळ्यात तल्लख व्यक्ती आहे. मघाचं प्रेत नुसतं रहस्याची सोय म्हणून होतं असं त्यानंतर वाटत नाही. कोण मेलं होतं ते आता कळतं.

कुर्ला_जंक्शन

माझ्यासारख्या अगदी नवख्याने कुठली आवृत्ती घ्यावी? 'एलिट' म्हणून एक दिसतेय, तिची चित्रं जास्त चांगली वाटतात.

जुना_खेळाडू

कुर्ला_जंक्शन, जुनीच घ्या. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात २०१६ पासून आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. एलिट जपानमध्ये २०१८ साली आणि बाहेर २०१९ साली आली. त्यात स्थिर चित्रांच्या जागी अ‍ॅनिमेतली हलती दृश्यं घातली आहेत. दिसायला आकर्षक आहे, पण हुके या चित्रकाराची मूळ चित्रं तिथे मिळत नाहीत. धुरकट, मळकट रंग, जुन्या कागदावर डाग पडल्यासारखी पार्श्वभूमी, डोळ्यांत एकात एक वर्तुळं. ऐन उन्हाळ्यातलं दुपारचं अकिहाबारा असूनही चित्र आजारी वाटतं. प्रस्तावनेतली अस्वस्थता निम्मी त्या रंगांतून येते. अ‍ॅनिमे चांगलीच आहे, पण तो रंग वेगळा.

गिरगावकर

माझं वय साठीच्या पुढे. नातवाने हे टीव्हीला जोडून दाखवलं आणि मी नको नको म्हणत तासभर बसलो. रात्रपाळी, तुम्ही एका वाक्यात उरकलेल्या दुकानाबद्दल मला लिहायचंय.

मी लॅमिंग्टन रोडला टीव्ही दुरुस्तीत उमेदीची वर्षं काढली. पाटीवर डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी ग्रँट रोड स्टेशनला उतरणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. आधी रेडिओचे सुटे भाग, मग टीव्ही, मग कॅसेट, मग संगणक. अकिहाबाराचं तेच. युद्धानंतर स्टेशनच्या आसपास रेडिओच्या भागांचा काळा बाजार भरायचा, त्यातून दुकानं झाली, मग घरगुती उपकरणं, मग संगणक, मग ही चित्रांची दुनिया. त्या पोरांची प्रयोगशाळा अशा ठिकाणी असणं मला अगदी रास्त वाटलं. भंगारातून काहीतरी जोडून बघायची खोड लागते ती अशाच गल्ल्यांत.

आणि खालचं दुकान. त्या दुकानदाराला ओकाबे मिस्टर ब्राउन म्हणतो. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली कॅथोड किरणांची नळी बनवली, जपानमध्ये पिक्चर ट्यूबला आजही ब्राउन ट्यूब म्हणतात. पुढे १९०९ चं नोबेल त्यांना मार्कोनींबरोबर विभागून मिळालं, तेही बिनतारी संदेशासाठी. म्हणजे खाली चित्र दाखवणारी नळी, वर संदेश पाठवायचा खटाटोप, आणि नाव दोन्ही कामं केलेल्या माणसाचं. लिहिणाऱ्याने हे जाणूनबुजून केलंय असं मी धरून चालतो.

तुमच्या पिढीला ते दुकान म्हणजे नेपथ्य वाटत असेल. जुना सेट चालू केला की एक बारीक शिट्टी येते ती आठवते का कोणाला? आपल्याकडच्या पॅल या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीत पडद्यावर सेकंदाला १५,६२५ ओळी काढल्या जायच्या, त्या कंपनाचा तो आवाज. लहान मुलांना स्पष्ट ऐकू येतो, वय वाढलं की जातो. माझ्याकडे शिकायला आलेला पोरगा दुकानाबाहेरून सांगायचा, आत सेट चालू आहे. मला कधीच ऐकू यायचं बंद झालं होतं. सेट उघडायचा तर आधी ट्यूबच्या पाठीवरची रबरी टोपी सरकवून, पेचकसाला अर्थिंगची वायर लावून साठलेला विजेचा दाब उतरवायचा. चटकन ठिणगी पडते. प्लग काढून ठेवलेल्या सेटमध्येसुद्धा तो दाब राहतो. असं दुकान पायाखाली असताना वर बसून मायक्रोवेव्हला फोन जोडणारी पोरं पाहिली आणि मी नातवाला म्हटलं, यांचं काही खरं नाही.

शब्दवेडी

गिरगावकर काका, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. आता त्या खोलीतला प्रत्येक प्रसंग वाचताना खाली काय चालू आहे याचा विचार येणार.

जुना_खेळाडू

काका, तुमच्या आवडीची आणखी एक गोष्ट. यात जॉन टायटरचा उल्लेख येतो ती रचलेली गोष्ट नाही, म्हणजे तो माणूस रचलेला असेल, पण प्रकार खराच घडला होता. २००० आणि २००१ या वर्षांत अमेरिकेतल्या इंटरनेट चर्चांमध्ये कोणीतरी या नावाने लिहायचं, मी २०३६ सालातून आलोय म्हणून. त्याला म्हणे आयबीएम ५१०० हा संगणक हवा होता. तो संगणकही खरा, १९७५ चा, वजन पंचवीस किलोच्या आसपास, पाच इंची पडदा, तोही पिक्चर ट्यूबचाच. लेखकांनी खऱ्या दंतकथेला हात घातला आणि एक खोच मारली: ओकाबेला टायटर २००० साली आलेला आठवतो, आणि आता जगाच्या लेखी तो तेव्हा आलेलाच नाही. ज्याला खरी हकिकत माहीत आहे अशा वाचकालाही त्यांनी साक्षीदारांत ओढलं. रात्रपाळी, तुमचं म्हणणं मी एवढ्याने आणखी पुढे नेतो. आपण त्या जगाच्या बाहेर बसलोय आणि आपली स्वतःची आठवणही त्यांनी खोटी ठरवली.

चष्मिश

साक्षीदाराच्या मुद्द्यावर मला राहून राहून डॉ. जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांच्या पानिपताची कथा आठवतेय. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकातही अनेकांनी वाचली असेल.

तिथे गंगाधरपंत पुण्याहून गाडीने मुंबईला येतात आणि स्टेशनाबाहेर पडल्यावर दिसतं ते वेगळंच शहर. ईस्ट इंडिया कंपनी अजून थाटात, कारण पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. हाडाचे इतिहासकार, म्हणून ते थेट टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि नेमका कुठे फाटा फुटला ते पुस्तकांतून शोधतात. विश्वासरावांना गोळी लागली की चाटून गेली, एवढ्यावर सगळं. मी त्याच टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्यांवर कित्येकदा बसलोय आणि दर वेळी तो प्रसंग आठवलाय.

दोन्हीकडे माणूस एका जगातून दुसऱ्यात गेला आणि स्मरण तेवढं सोबत नेलं. पण नारळीकर गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं फाटलेलं पान ठेवतात. तो पुरावा. राजेंद्र देशपांड्यांसारखा शास्त्राचा माणूस ते पान पाहिल्यावर विचार करायला लागतो. ओकाबेच्या खिशात काय आहे? काहीच नाही. पुरावा आहे तो मित्राच्या फोनमध्ये: त्याने आज पाठवलेला मेसेज, आलेला मात्र काही दिवस आधीच्या तारखेने. आणि हाशिदा त्याला ओकाबेचा नेहमीचा चावटपणा समजून सोडून देतो. बखरीचं पान हातात असून कोणी ते उलटून बघत नाही. मला प्रस्तावनेतलं सगळ्यात हुशार काम हे वाटलं. प्रेत, उपग्रह, रिकामा रस्ता हे डोळ्यांना दिपवतं. खरी किल्ली एका कंटाळवाण्या तारखेत आहे.

मुलुंड_स्लो, म्हणून मला ते पसाऱ्याचं म्हणणं पटत नाही. असा पुरावा लपवायचा तर आजूबाजूला पसारा लागतोच.

मुलुंड_स्लो

चष्मिश, हे मस्त सांगितलंत. पण नारळीकरांनी ते लघुकथेत केलं ना? माझा मुद्दा तोच आहे. दोन जगं, पुरावा, शास्त्रीय खुलासा, सगळं एका बैठकीत.

फोनबद्दल कोणीच बोललं नाही, तर मीच बोलतो, कारण तिथे माझं दुसरं दुखणं आहे. इतर अशा खेळांत पर्याय समोर येतात, हे करू की ते, आपण निवडतो. इथे पडद्यावर पर्याय येतच नाहीत. फोन वाजला तर काढायचा, नाहीतर नाही. मेसेजमधल्या काही शब्दांना वेगळा रंग असतो, त्यातला एक निवडला की त्यावरून उत्तर तयार होतं. कुठलं उत्तर महत्त्वाचं आणि कुठलं नुसतं गप्पांचं, कळायला मार्ग नाही. जिथे माझ्या निवडीचा परिणाम मला दिसत नाही तिथे मी निवड केली असं कसं म्हणायचं?

रात्रपाळी

मूळ लेखात हे यायला हवं होतंच, बरं झालं काढलंत.

मला ते उलट आवडतंय. मायुरीचा एक मेसेज आला, खाण्याबद्दल काहीतरी. त्यात दोन शब्द रंगीत. एक निवडला की ओकाबे फुशारकी मारतो, दुसरा निवडला की साधं उत्तर देतो. आणि तिसरा मार्ग, उत्तर न देणं. मी उत्तर दिलं नाही, कारण प्रसंग तसा होता, त्याच्या डोक्यात प्रेत होतं. नंतर मायुरी समोर आली तेव्हा मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. खऱ्या आयुष्यात कुठला मेसेज महत्त्वाचा होता हे कधी कळतं आपल्याला? परिणाम लगेच दाखवला असता तर मी परिणाम बघून उत्तरं दिली असती, माणसं बघून दिली नसती.

शिवाय ज्या गोष्टीत एक मेसेज पाठवल्यावर रस्ता रिकामा झालाय, तिथे प्रत्येक वेळी 'पाठवा' दाबताना मला थोडी धाकधूक होतेच. पर्यायांची चौकट पडद्यावर आली असती तर ती झाली नसती.

शब्दवेडी

यावर रात्रपाळीशी पूर्ण सहमत.

आवाजाबद्दल लिहायचं राहिलं. ओकाबेला मामोरू मियानो या नटाचा आवाज आहे. तो बोलतो ते ऐकू येतं, मनात जे चालतं ते फक्त वाचायचं, तिथे आवाज नाही. आधी हे मला काटकसर वाटलं. मग प्रेताच्या प्रसंगात लक्षात आलं की होओइन क्योमाचा तो गडगडाटी, नाटकी सूर तिथे पार गळून पडतो. उरतो तो घाबरलेल्या पोराचा आवाज. त्यानंतर तो पुन्हा गडगडाट करायला लागतो तेव्हा तो का करतोय ते आपल्याला कळलेलं असतं. जपानी समजत नसताना हे पोचतं. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसांना हे जास्त भावेल, गिरगावकर काका काय म्हणताहेत बघू.

गिरगावकर

सूर बदलतो हे मलाही जाणवलं. नातवाने मधेच आवाज कमी केला होता, तो मी वाढवायला लावला. श्रुतिकेत एक सोय होती, चित्र आपलं आपण उभं करायचो. इथे चित्र देतात पण ते हलत नाही, म्हणून कान जागा राहतो. पाठीमागे उन्हाळ्यातल्या किड्यांची किरकिर चालू असते ती ऐका. मेसेज गेल्यावर आजूबाजूचा आवाज कसा तुटतो तेही ऐका.

वाचनकट्टा

अवांतर: ज्यांना कधी टोकियोला जायचा योग येईल त्यांच्यासाठी. गोष्टीतली रेडिओ काइकानची जुनी इमारत आता नाही. ती २०११ साली पाडायला घेतली, नवी २०१४ साली उघडली. पाडण्याआधी २०११ च्या ऑक्टोबरात तिच्या वरच्या भागात उपग्रहाची मोठी प्रतिकृती बसवली होती, गोष्टीत दिसते तशीच. लोक रस्त्यात उभे राहून फोटो काढत होते.

चष्मिश

खेळण्याबद्दल तर्क करायला सांगितलंत म्हणून करतो, मीही पुढचं वाचलेलं नाही. नाणं, यंत्र आणि काय निघेल याची खात्री नसणं. पूर्ण प्रस्तावनेत नशिबावर सोडलेली ती एकच गोष्ट आहे. बाकी सगळं कोणी ना कोणी ठरवून करतंय. तेच नाणं दुसऱ्या क्षणी टाकलं असतं तर दुसरं खेळणं आलं असतं. जगांचे फाटे दाखवायला याहून छोटी वस्तू सापडणार नाही. माझा अंदाज, ते परत येणार.

जुना_खेळाडू

मी तोंड बंद ठेवलंय.

कुर्ला_जंक्शन

मागवली. सुरूही केली. माझं इंग्रजी वाचन हळू आहे, दादर ते कुर्ल्यात जेमतेम एक प्रसंग होतो. मजकूर आपोआप पुढे जातोय आणि माझं वाचून व्हायच्या आत निघून जातो. काय करू?

जुना_खेळाडू

आपोआप पुढे जाणं सेटिंग्जमध्ये बंद करा, म्हणजे तुम्ही बटण दाबेपर्यंत वाक्य थांबेल. सुटलेलं वाक्य मागे जाऊन वाचता येतं, तिथून तो आवाजही पुन्हा ऐकता येतो. शिवाय प्रत्येक मेसेजला उत्तर देण्याआधी वेगळ्या जागी सेव्ह करत जा, आधीच्या सेव्हवर चढवू नका. जागा भरपूर आहेत. का, ते विचारू नका.

रात्रपाळी

कुर्ला_जंक्शन, आणि प्रस्तावना कुर्ल्यापर्यंत तुकड्यांत वाचू नका. घरी बसून, रस्ता रिकामा होतो तिथपर्यंत एका दमात वाचा. पुढच्या प्रकरणासाठी मी वेगळा धागा काढेन, शीर्षकात कुठपर्यंत ते लिहीन. मुलुंड_स्लो, तुम्ही तिथेही या, विरोधात बोलायला कोणीतरी हवंच.